गर्भावस्थेतील मधुमेह आणि भोजनाच्या वेळा

गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रीस मधुमेह नव्हता, तिच्या रक्तातील साखर गर्भावस्थेत प्रमाणाबाहेर वाढल्यास त्या विकारास गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. याची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. तपासणी केली तरच तो कळतो. भारत सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी गर्भवतीच्या पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात व दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मि.ग्रॅ. किंवा त्याहून अधिक आल्यास हा विकार आहे असे समजतात.

निदान झाल्यावर घरातील मंडळी प्रथम गोड पदार्थ बंद करतात. ते योग्यच आहे. परंतु काय खावे याइतकेच केव्हा खावे यालाही महत्त्व आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वेळेचे महत्त्व का?

गर्भाचे पोषण करणारी वार काही संप्रेरके निर्माण करते. त्यांच्यामुळे मातेच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. एकाच वेळी पोटभर जेवल्यास साखर एकदम वाढते. ही साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, मातेचे इन्शुलिन मात्र पोहोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्शुलिन तयार करू लागते. त्यामुळे बाळाचे वजन अवाजवी वाढते, प्रसूती अवघड होऊ शकते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

याउलट गर्भवती दीर्घकाळ उपाशी राहिल्यास तिचे शरीर इतरांपेक्षा लवकर चरबी जाळू लागते व रक्तात कीटोन द्रव्ये वाढतात. तीही हितावह नाहीत. म्हणून अति भोजन व उपवास ही दोन्ही टोके टाळून दिवसाचा आहार विभागून घेणे, हाच यावरील पहिला उपचार होय.

दिनक्रमाचा एक नमुना

सकाळी ७.३० – न्याहारी
सकाळी १०.३० – ताक, भिजवलेले मूग किंवा एखादा पेरू
दुपारी १ – भोजन
दुपारी ४ – मूठभर फुटाणे व बिनसाखरेचे दूध
रात्री ८ – भोजन
रात्री १० – निजण्यापूर्वी थोडे दूध किंवा अल्प आहार

सकाळी इन्शुलिनचा प्रभाव विशेष कमी असतो. म्हणून न्याहारी बेताची असावी. नुसत्या पोह्यांऐवजी उसळ किंवा मुगाचे धिरडे बरे. रात्रीचा अल्प आहार व सकाळची न्याहारी यांत सुमारे दहा तासांहून अधिक अंतर नसावे. वैद्यकीय मनाई नसल्यास जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे.

साधारणपणे उपाशीपोटी साखर ९५ पेक्षा व भोजनास आरंभ केल्यापासून दोन तासांनी १२० मि.ग्रॅ. पेक्षा कमी असावी. दोन आठवडे आहार सांभाळूनही ती आटोक्यात न आल्यास डॉक्टर औषध किंवा इन्शुलिन सुरू करतात. त्याचा संकोच बाळगू नये.

व्रते व उपवास

संकष्टीस दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयानंतर जेवणे, हरतालिकेस निर्जळी करणे किंवा नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणे, यांत वर सांगितलेली दोन्ही टोके एकत्र येतात. साबुदाणा, बटाटा व रताळे हे उपवासाचे पदार्थही पिष्टमय असल्याने साखर लवकर वाढवतात. इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रीने भोजन चुकविल्यास साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर व भोवळ येऊ शकते. अशा वेळी तत्काळ तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे व डॉक्टरांना कळवावे.

औषधसेवनाने व्रतभंग होत नाही व प्रसंगी प्रतिनिधीकरवी व्रत करविता येते, असे आपले धर्मशास्त्रच सांगते. या विकारात वेळेवरचे अन्न हेच औषध आहे. तेव्हा पती, सासूबाई किंवा घरातील अन्य कोणी ते व्रत चालवावे आणि सुनेने नामस्मरण करावे. श्रद्धेस यात कोठेही बाध येत नाही.

विश्वस्त व सेवेकऱ्यांस विनंती

उत्सवात आरती लांबली की महाप्रसादाची पंगतही उशिरा बसते. गर्भवती भगिनींना त्यासाठी ताटकळत ठेवू नये. त्यांचे पान आधी वाढावे आणि गोडाचा आग्रह करू नये. भगिनींनीही सोबत फुटाण्यांची पुडी ठेवावी व वेळ झाल्यावर निःसंकोच खावे.

प्रसूतीनंतर बहुधा साखर पूर्ववत होते. तथापि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी व पुढेही वेळोवेळी करीत राहावे, कारण अशा स्त्रियांना कालांतराने कायमचा मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो. वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे; प्रत्येकीने आपला आहार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.