सातव्या महिन्यातली डोकेदुखी

"पित्त झालं असेल, बाम चोळ नि पड जरा," असं सासूबाई मायेनंच सांगतात. पण भगिनींनो, पाच महिने उलटल्यावर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, बरगडीखाली दुखत असेल किंवा तोंड-हात सुजले असतील, तर बामावर भागवू नका. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या, लघवीही तपासा. १४०/९० झाला की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. १६०/११० म्हणजे तडक इस्पितळ, रात्र असली तरी! जिना चढून धापा टाकत मोजलात तर आकडा फसवतो. आधी पाच मिनिटं टेकून स्वस्थ बसा. आणि अळणी जेवणाची शिक्षा कशाला? मीठ तोडल्यानं हा विकार टळत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. बाळंतपणानंतरही सहा आठवडे लक्ष असू द्या. हे दुखणं तेव्हाही उपटतं.