वाटीतली सोयरीक

1989 साली बँकेने बढती देऊन मला मडगावला पाठवले. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या घरी आईने डोळ्यांना पदर लावला. बदलीपेक्षा पोरगा परमुलखात जेवणार कुठे, हीच तिची चिंता. निघताना तिने येसराचा मोठा डबा बांधून दिला.

घरमालकीण ख्रिस्ती होती. नाताळात तिने मला पानावर बसवले आणि विंदालू वाढले. मांस दारूत नि लसणात मुरवायचे, ही पोर्तुगालची जुनी रीत. मूळ नावातही हीच दोन्ही आहेत. गोव्यात दारूच्या जागी माडीचा शिर्का आला, लाल मिरची पडली आणि पाहुणा इथलाच झाला. सोरपोतेलची कथाही तीच. शिजवून चार दिवस मुरले की त्याची चव वाढते, असे ती सांगे.

शेजारच्या स्पेनमध्ये माद्रिदचा 'कोसिदो' असतो. हरभरे, भाज्या आणि मांस एकाच हंड्यात शिजते. आधी रस्सा शेवया घालून पितात, मग हरभरे नि मांस खातात. आपणही पुरणाच्या डाळीचा कट काढून आमटी करतो आणि त्याच डाळीची पोळी! चूल कुठलीही असो, बाईची काटकसर सारखीच.

उन्हाळ्यात आई आली. घरमालकिणीकडे ती पाणीही घेईना. त्या माउलीने न रागावता शहाळी पाठवली. मी तिच्याकडे जेवतो, हे आईला सांगायचे मात्र मला धैर्य झाले नाही. मी आडून विषय काढला, "आई, मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी नि पिंपळीच होती."

आमच्या तालुक्यात तर मिरचीवर घरे चालतात. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चारशे वर्सं आपण त्यांच्या हातचंच खातोय की."

संध्याकाळी तिने येसराची आमटी केली, वाटीवर ताटली झाकली आणि स्वतः शेजारी नेऊन दिली. तिथे पाणीही प्यायली. परतल्यावर सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तू तिथं जेवतोस, हे मला आल्याबरोबर कळलं होतं."

"कसं?"

"डबा अजून भरलेलाच आहे ना, बाबा."