पिकअपच्या हिचवरचा हॉइस्ट

अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी चॅसिसला पक्की केलेली चौकोनी नळी, म्हणजे हिच, असते. तिचे तोंड बहुधा २ इंची. इंजिन, जनरेटर किंवा शिकार केलेले हरीण एकट्याने हौद्यात चढवता यावे, म्हणून अनेक जण या नळीत बसणारा हॉइस्ट घरीच वेल्डिंग करून बनवतात. रचना साधी आहे: नळीत शिरणारा पाइप, त्यावर उभा खांब, खांबावर फिरणारा आडवा हात, टोकाला कप्पी आणि हाताने चालणारी विंच.

नवशिक्यांचे लक्ष फक्त वजनाकडे असते. घात मात्र अंतर करते. १५० किलोचे ओझे खांबापासून १ मीटरवर लटकवल्यावर जो वाकवणारा जोर सांध्यावर येतो, तो २ मीटरवर दुप्पट होतो. हिचवर लिहिलेली क्षमता ट्रेलरची ओढ आणि खालचा दाब यांची असते, या वाकवणाऱ्या जोराची नव्हे. म्हणून हात गरजेपुरताच लांब ठेवावा. खांबाखाली जमिनीला टेकणारा जॅक तर हवाच. त्यामुळे उभा भार जमिनीत उतरतो आणि मागचे स्प्रिंग दबत नाहीत. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावूनच उभी करावी. विंच ब्रेकची घ्यावी आणि लटकत्या ओझ्याखाली कोणालाही उभे राहू देऊ नये.