गाणं कशाला हवं?

पोटाला भाकर नाही तिथं गाणं कशाला, असं आपण पुष्कळदा ऐकतो. म्हणून आज आम्ही एक खरी हकिकत सांगणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चेक भूमीतल्या तेरेझीन गावात ज्यू लोकांना डांबलं होतं. भूक, आजार, मरण रोजचंच. तिथं पावेल हास हे संगीतकार कैदेत होते. १९४४ साली त्यांनी जुन्या चिनी कवितांचे चेक अनुवाद घेऊन चार गाणी बांधली. एक गायक आणि एक पियानो, बस्स. मोजक्या कलाकारांनी लहान जागेत सादर करायच्या अशा संगीताला चेंबर संगीत म्हणतात.

कवितांत होती घराची ओढ. जात्यावरच्या ओवीत माहेर येतं ना, तशी. कैद्यांच्या मनातलं दुःख दूरच्या कवीच्या शब्दांतून बाहेर आलं. जूनमध्ये कारेल बर्मन यांनी ती गाणी छावणीतच गायली.

त्याच महिन्यात रेडक्रॉसचे पाहुणे आले. नाझींनी गाव रंगवून, मुलांचं संगीत नाटक दाखवून 'इथं सगळं ठीक आहे' असा देखावा केला. ऑक्टोबरमध्ये हास यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. बर्मन वाचले, पुढंही गात राहिले.

म्हणजे कला खरं बोलते, तशी खरं झाकायलाही वापरली जाते. गाण्यानं तुरुंगाची भिंत पडली नाही. पण आत माणसं आहेत, हे गाण्यानं सांगितलं.

पुढच्या बैठकीत बोलू या: आपल्या गावात जी गाणी वाजतात, ती कुणाचं म्हणणं सांगतात? आणि आपलं कोण सांगतं?