मिस्सा म्हणजे पाठवणी

पावसाळ्यातील रविवारी पुण्याहून पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी घाटाकडे वाहनांची रीघ लागते. सकाळची मिस्सा आटोपून निघालेली आपलीही काही कुटुंबे त्यांत असतात. परमेश्वराने निर्माण केलेले डोंगर व धबधबे पाहून मन हरखून जाणे, हीदेखील त्याची स्तुतीच होय. परंतु देवळाच्या पायऱ्या उतरल्या की आपली उपासना संपते काय, हा प्रश्न त्या वाटेवर आपण स्वतःस विचारावयास हवा.

'उपासना' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ बसणे असा आहे. देवाच्या जवळ बसावे, त्याचा शब्द ऐकावा, त्याच्या मेजाचे वाटेकरी व्हावे. 'मिस्सा' हा शब्द मात्र लॅटिन विधीच्या अखेरच्या निरोपातून आला असून त्याच्या मुळाशी 'पाठविणे' हा अर्थ आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ख्रिस्तप्रसादाविषयीच्या पत्रात याच निरोपाकडे आपले लक्ष वेधले होते. जवळ बसणे आणि पाठविले जाणे, या दोहोंमध्ये ख्रिस्ती जीवन सामावलेले आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. उपासना हे ख्रिस्तसभेच्या कार्याचे शिखर आहे आणि तिच्या सामर्थ्याचा झराही आहे, असे त्यात शिकविले आहे. पुढच्याच वर्षी परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात प्रापंचिकांचा विचार मांडला. त्यांचे दैनंदिन श्रम, कौटुंबिक जीवन, विश्रांती, धीराने सोसलेली दुःखे हे सारे ख्रिस्ताच्या अर्पणाबरोबर पित्याला वाहिले जाते, असे तेथे म्हटले आहे. रोमकरांस लिहिताना संत पौलानेही संपूर्ण देह जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्यास सांगितले आहे.

मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा हा सण हेच शिकवितो. ऑक्टोबरच्या प्रारंभी भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात आणल्या जातात, त्यांवर आशीर्वाद मागितला जातो आणि मग त्या श्रद्धावंतांत वाटल्या जातात. शेत देवळात येते आणि देऊळ घराघरांत जाते.

वेदीवर भाकर ठेवताना ती भूमीची देणगी व मानवी श्रमाचे फळ आहे, असे धर्मगुरू म्हणतात. ती भूमी कोणाची आणि ते श्रम कोणाचे, याचे स्मरण उपासकाला हवे. ताम्हिणीच्या वाटेवरील मुळशी जलाशय असेच एक स्मरण आहे. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले, भातखाचरे व गावे पाण्याखाली गेली. जलाशयाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात उतरते आणि ती वीज मुंबईस मिळाली. आपल्या सुखामागे कोणाचा तरी त्याग असतो, हे विसरून केलेल्या उत्सवांचा देवाला वीट येतो, असे आमोस संदेष्ट्याने बजावले होते. खोट्या तराजूने गरिबांस लुबाडणाऱ्यांचाही त्याने निषेध केला.

काही जण म्हणतात, "काम हीच पूजा, मग मिस्सा कशाला?" देवाजवळ न बसता केलेल्या कामाचा एक तर गर्व होतो, नाही तर ओझे होते. उलट, बसून उठलोच नाही तर आपली भक्ती देवळातच कोंडून राहते.

म्हणून या आठवड्यात आपण साध्या गोष्टी करू या. घरकाम करणाऱ्या बाईंचे वेतन वेळेवर देऊ या. घाटात रानभाज्या विकणाऱ्या आजींशी चार रुपयांसाठी घासाघीस करू नये. कोणाच्या भातखाचरात बाटल्या, पत्रावळी टाकू नयेत. ज्या भावाशी अबोला आहे, त्याच्या दारी आधी जावे. अर्पण वेदीपाशी ठेवून प्रथम समेट कर, ही प्रभूचीच आज्ञा आहे.

मिस्सेच्या अखेरीस "जा" असे सांगितले जाते, तेव्हा आपण घाईने वाहन काढण्यास धावू नये. ती आपली पाठवणी आहे. पुढील रविवारी आपण परत येऊ, तेव्हा भाकरीसोबत वेदीवर ठेवण्यासारखे त्या आठवड्याचे काहीतरी आपल्या हाती असावे.