इंग्लंडचं वार्तापत्र : सवलत परीक्षेत, पुरावा वर्गात

समरसेट : मूल नववीत गेलं की डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटसाठी स्लो लोकलने सायन हॉस्पिटल गाठणारे आईवडील भांडुपला नवे नाहीत. मूल बोर्डिंगला असेल तर धावपळ आणखी वाढते. म्हणून इंग्लंडमधल्या निवासी शाळांबद्दल लिहितो आहे.

इथल्या स्ट्रीट गावातल्या मिलफील्ड शाळेचा जन्मच भारताशी जोडलेला. भारतात कापसाची दलाली केलेल्या जॅक मेयर यांनी १९३५ साली तिथून आणलेल्या सात मुलांना घेऊन ती काढली. त्यातले बहुतेक राजपुत्र होते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना इतरांसोबतच शिकवणाऱ्या सुरुवातीच्या शाळांत तिचं नाव घेतात.

२०१० चा समानता कायदा खासगी शाळांनाही लागू आहे. वाजवी सोयी द्यायच्या आणि त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत. तरी एकेका मुलाच्या खास तासांचं बिल अनेक शाळा वेगळं लावतात. मुळात फीच डोळे पांढरे करणारी, त्यावर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट. अशी शाळा श्रीमंतांनाच परवडते, हे मला खुपतं.

पटलं ते परीक्षेचं. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला, जादा वेळ, लेखनिक, टायपिंग मिळतं. पण परस्पर बाहेरून आणलेला रिपोर्ट चालत नाही. मूल वर्गात आणि चाचण्यांतही याच सवलती घेऊन काम करतं, हे शाळेने दाखवावं लागतं. इंग्रजीच्या वाचनाच्या भागात माणसाने वाचून दाखवायला मनाई. वाचक-पेन मात्र चालतं. छापील ओळीवरून फिरवलं की ते कानातल्या इअरफोनमध्ये ओळ वाचतं. आता असं पेन पहिल्यांदा परीक्षेतच हातात आलं तर मूल गोंधळणारच. म्हणून ते आधी वर्गात हवं आणि बोर्डिंगमध्ये संध्याकाळच्या अभ्यासालाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांत डिस्लेक्सियाही आला, बोर्डाच्या सवलती तर त्याआधीच्या. पण दहावीला लेखनिक मिळणाऱ्या मुलालाच वर्गात फळ्यावरचं उतरवून झालं नाही म्हणून उभं केलं जातं. सर्टिफिकेट फायलीत राहतं आणि वसतिगृहाच्या रेक्टरांना त्याचा पत्ताही नसतो.

येत्या जूनमध्ये पाचगणीला किंवा नाशिकला मुलाला ठेवणार असाल, तर फी भरण्याआधी मुख्याध्यापकांना एवढं विचारा : संध्याकाळच्या अभ्यासाला याला धडा वाचून कोण दाखवणार?