बालसिद्धाची पूर्वकथा : गोरक्ष, गहिनी आणि अद्भुत कादंबरीचा प्रश्न

अद्भुत कादंबरीतील तरुण मांत्रिक लेखकाच्या मनात प्रथम अवतरतो तो बहुधा नाव आणि सामर्थ्य एवढेच घेऊन. ते सामर्थ्य त्यास कोठून लाभले, त्यासाठी त्याने काय मोजले, त्यापूर्वी तो कोणाच्या घरी वाढला, हे सारे मागाहून सिद्ध करावे लागते. मराठी वाङ्मयात ही अडचण एकदा प्रत्यक्ष उभी राहिली होती. तिची सोडवणूक ज्या कथाचक्रात झाली, त्याची स्थळे आजही बीड जिल्ह्याच्या पश्चिम डोंगराळ भागात दाखविली जातात.

ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा दिली आहे. गोरक्षांविषयी तेथे गौरवाचे शब्द आहेत. बालपण मात्र नाही. गहिनींच्या वाट्यास तर परंपरेतील एक स्थान यापलीकडे फारसे काही आलेले नाही. त्यानंतर पाच शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, शके १७४१ मध्ये (इ. स. १८१९), धुंडिसुत मालू याने चाळीस अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला आणि या नावांना जन्म, भूक, भीती व प्रमाद प्राप्त करून दिले. मौखिक कथांचा साठा त्याच्यापुढे होताच. भस्म आणि उकिरडा यांची कथा उत्तर भारतातील गोरखकथांतही आढळते. तथापि कथेची जुळणी ज्या क्रमाने त्याने केली, तो क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

मच्छिंद्र एका अपत्यहीन स्त्रीस पुत्रप्राप्तीसाठी भस्म देतात. शेजारणी तिच्या मनात शंका भरवितात आणि ती ते भस्म शेणाच्या उकिरड्यात टाकून देते. बारा वर्षांनी गुरू परत येतात, हाक मारतात, आणि त्या ढिगातून बारा वर्षांचा मुलगा बाहेर निघतो. येथे सामान्यतः लक्ष जाते ते चमत्काराकडे. वस्तुतः कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, या मुलास बालपणच नाही. आईची मांडी, अंगण, सवंगडी यांतले काहीही त्याने पाहिलेले नाही. आईने टाकलेले आणि गुरूने हाक मारून उठविलेले हे मूल गुरूवाचून दुसरे कोणी जाणत नाही. पुढील सर्व वर्तन या एका अभावातून निघते.

म्हणूनच वड्याचा प्रसंग पटतो. भिक्षेत आलेला वडा गुरूंना आवडला. आणखी हवा म्हणून गोरक्ष पुन्हा त्याच दारी गेला. घरधनिणीने मोबदल्यात त्याचा डोळा मागितला आणि त्याने तो काढून दिला. वड्यासाठी डोळा हा सौदा आजच्या वाचकास विक्षिप्त वाटेल. परंतु ज्याच्या जगात एकच माणूस आहे, त्या मुलाला तो महाग वाटत नाही. गुरू त्याचा डोळा पूर्ववत करतात, आणि विद्यादान पुढे सुरू होते. सामर्थ्याची किंमत सामर्थ्य हाती येण्यापूर्वीच वसूल झालेली आहे, ही मालूची रचना उत्तम म्हटली पाहिजे.

यानंतर कनकगिरी गावातील प्रसंग येतो. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकीत बसला असता गावातली मुले चिखलाची गाडी करून खेळत येतात. गाडी झाली, पण गाडीवान नाही. तो करून देण्याचा आग्रह ती धरतात. ज्याने खेळ कधी अनुभवला नाही असा हा मुलगा हाताने बाहुले घडवितो, आणि तोंडाने पाठ चालूच ठेवतो. बाहुल्यात प्राण येतो. मुले भूत म्हणून ओरडत पळतात. गोरक्षही भयभीत होतो. मच्छिंद्र मात्र त्या मातीच्या बाळास उचलून घेतात आणि एका अपत्यहीन दांपत्याच्या ओटीत घालतात. तोच गहिनी; पुढे गोरक्षच त्याचा गुरू होतो.

अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतील गेड हा शिकाऊ मांत्रिकही असाच अनवधानाने नव्हे, तर अहंकाराने एक मोठी चूक करतो. तिच्यातून निघालेली छाया त्याचा पाठलाग करते, आणि त्या छायेला सामोरे जाणे हेच त्याचे चरित्र होते. दोन्ही कथांत शिष्याच्या हातून अकाली एक जीव जगात येतो. फरक पुढे पडतो. गेडला आपली चूक एकट्याने गाठावी लागते. गोरक्षाच्या चुकीला गुरू घर मिळवून देतात. जो लेखक मराठी मातीतला तरुण मांत्रिक रंगवू इच्छितो, त्याने परक्या धर्तीची जादूची शाळा उभारण्याआधी या गोष्टीचा विचार अवश्य करावा. येथील मंत्रविद्याही बोलभाषेची आहे. शाबरी मंत्र संस्कृतात नाहीत, लोकांच्या बोलीत आहेत, ही सोय कादंबरीकारास थोडी नव्हे.

गुरूचे दोषही मालू लपवीत नाही. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रांच्या झोळीत सोन्याची वीट असते, आणि वाटेत त्यांना चोरांचे भय वाटते. शिष्य ती वीट फेकून देतो. गुरू हळहळू लागताच सारा डोंगर सोन्याचा करून दाखवितो. हा डोंगर म्हणजे गर्भगिरी.

त्याच गर्भगिरीच्या परिसरात आष्टी तालुक्यातील सावरगावाजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची, तर पाटोदा तालुक्यातील चिंचोली येथे, म्हणजे गहिनीनाथगडावर, गहिनींची समाधी मानली जाते. कानिफनाथांची मढी डोंगराच्या पलीकडे पाथर्डी तालुक्यात आहे. पाडव्याच्या सुमारास पैठणहून गोदावरीचे पाणी कावडींनी येथे आणतात. तेव्हा ही पात्रे कोणा लेखकाच्या मालकीची नाहीत. त्यांच्यापुढे रोज नारळ फुटतो. त्यांची नावे तशीच उचलण्यापेक्षा त्यांच्या पूर्वकथेची बांधणी घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

नावांची गोष्टही साधी नाही. मढीचे कानिफनाथ एका समाजाचे कान्होबा, तर दुसऱ्याचे शाह रमजान. गहिनी हेच गैबी पीर. मालूने ग्रंथाच्या अखेरीस या दुहेरी नावांचा संबंध औरंगजेबाने समाध्यांविषयी केलेल्या विचारणेशी जोडला आहे. ते ऐतिहासिक सत्य म्हणून घेण्याचे कारण नाही. परंतु चिखलाच्या गाडीवर बसण्यासाठी घडविलेल्या त्या बाहुल्याला दोन धर्मांच्या लोकांनी आपापल्या नावाने हाक मारली, एवढे त्यावरून दिसते.